विड्यांच्या गल्लीत ठरलेली दवाखान्याची वेळ

पहाटे पाचला स्वारगेटहून सोलापूरची एसटी धरली. माझी मावसबहीण सुनंदा कुंभारीजवळच्या विडी कामगारांच्या एका वसाहतीत आरोग्यसेविका आहे. वसाहतीतले लोक एकत्र बसून वर्षाचा आरोग्य आराखडा करणार होते. पहिलं काम कोणतं, ते मतं टाकून ठरायचं होतं. "देवळं पुष्कळ पाहिलीस," सुनंदा फोनवर म्हणाली, "एकदा आमची सभा बघायला ये."

रस्ता चांगला आहे. इंदापूरच्या पुढे झाडं कमी होतात आणि आकाश वाढतं. टेंभुर्णीला गाडी थांबते. चहा घ्यावा, वडा घेऊ नये. दहाला सोलापूर. स्थानकाबाहेर अक्कलकोट रस्त्याच्या शेअर रिक्षा मिळतात. माणशी तीस रुपये, सुट्टे जवळ ठेवावेत.

सभा अकराला शाळेच्या व्हरांड्यात होती. एका बाजूला पुरुष बसले. दुसऱ्या बाजूला बायकांसाठी दोन सतरंज्या अंथरल्या होत्या. साडेबारापर्यंत त्यांवर कोणी आलं नाही. बायका नसतील तर ठराव करायचा नाही, हे वसाहतीनेच आधी ठरवलं होतं. आणि आराखडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तालुक्याला पोचवायचा होता.

पंचायतीतले तात्या सत्तरीचे. त्यांना मैदानात व्यायामाची साधनं हवी होती. "सिस्टर, बायकास्नी काय पडलेलं न्हाय," ते म्हणाले. "साधनं लिवा आन् मोकळ्या व्हा की."

सुनंदाने वही मिटली.

घरी जेवलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. सुनंदा नीट जेवली नाही. तीनच्या सुमारास ती म्हणाली, "चल, विचारून तरी येऊ."

दुपारी गल्लीत दारादारासमोर बायका बसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली तेंदूपानं. बोलताना कोणी हाताकडे बघत नाही. सुनंदा नरसम्मापाशी बसली. नरसम्मा पन्नाशीची, घरात तेलुगू बोलणारी.

"सभेला का नाही आलात?"

"अकराला आमी कुटं असतो, ठावं न्हाय व्हय तुमाला?" नरसम्मा म्हणाली. "कारखान्याच्या दारात. विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घ्यायची. लाइन संपेपतूर एक वाजतो. रोज."

 सुनंदा सात वर्षं इथे आहे. सकाळी गल्ल्या रिकाम्या असतात, हे तिने रोज पाहिलं होतं. तरी सभेची वेळ तिनेच ठरवली होती. कचेऱ्या त्या वेळेला उघडतात म्हणून.

नरसम्मा खोकली. थांबली, पुन्हा खोकली.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासनं."

"दवाखान्यात का नाही दाखवलंत?"

"कवा दाखवू, अक्का? दवाखाना बाराला बंद."

शेजारची हसून म्हणाली, "आमी दुपारनंतरच आजारी पडतो, सिस्टर. डॉक्टरला सांगा की तेवढं."

गल्ली हसली. सुनंदा हसली नाही. उठून म्हणाली, "उद्या तीनला सभा. इथेच. कोणी उठायचं नाही, सूप खाली ठेवायचं नाही."

तात्यांना निरोप गेला. उत्तर आलं, "सभा काय गल्लीत घेत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले. सकाळी लवकर जावं. दहानंतर ऊन बोलू देत नाही. परतताना शेंगापोळ्या घेतल्या.

तीनला गल्ली भरली. तात्या आले, खुर्चीसकट. दवाखान्याचे तरुण डॉक्टरही आले आणि ओट्यावर बसले. मधोमध तीन टोपल्या. सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून सुनंदाने टोपल्यांपुढे वस्तू ठेवल्या. गटारं साफ करायला खराटा. व्यायामाच्या साधनांना तात्यांचं डंबेल. दवाखान्याच्या दुपारच्या वेळेला डॉक्टरांचा स्टेथोस्कोप.

तात्या उभे राहून व्यायामावर बोलले. चांगलं बोलले.

"तात्या," नरसम्मा म्हणाली, "हितं बसा, सांजेपतूर विड्या वळा. मग सांगा कुणाला व्यायाम पायजे."

हसणं ओसरल्यावर मतदान झालं. मत म्हणजे पान कातरताना पडलेला एक तुकडा. टोपल्या हातोहात गल्लीभर फिरल्या. मोजायलाही बायकाच बसल्या. विड्यांच्या जुड्या बांधतात तशा त्यांनी पंचवीस-पंचवीस तुकड्यांच्या जुड्या बांधल्या, बोटांनी चाचपून, न बघता. डंबेलच्या टोपलीत एकही जुडी भरली नाही. खराट्याच्या टोपलीत काही भरल्या. स्टेथोस्कोपच्या टोपलीतून जुड्या निघतच राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, "ठराव लिहून द्या, वर पाठवतो. परवानगी येईपर्यंत माझ्या जबाबदारीवर बसतो. सोमवार आणि गुरुवार, चार ते सात."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. हात गुंतलेले होते. एकीने सुपाच्या कडेवर कात्री वाजवली. मग दुसरीने. मग सगळ्या गल्लीतून तो आवाज उठला, आणि बराच वेळ थांबला नाही.

तात्यांनी ठरावावर पहिली सही केली. "माझं मत कशात पडलं ते इचारू नका," म्हणाले. पाच वाजता सुनंदा कागद घेऊन तालुक्याला गेली. पोच घेऊन आली.

पुण्यात परतून तीन आठवडे झाले. या प्रवासात पाहिलं काय, असं कोणी विचारलं तर सांगायला फार नाही. एक तळं, एक गल्ली. घरी आल्यावर मी आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्याची वेळ शोधून पाहिली. मला ती माहीत नव्हती. इमारतीत विचारलं. कोणालाच नव्हती. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंना पाठ होती, आणि नेमकी तीच त्यांच्या कामाची वेळ होती.

काल सुनंदाचा फोन आला. परवानगी आली होती. पहिल्या सोमवारी एवढी रांग लागली की डॉक्टर रात्री आठपर्यंत खुर्चीवरून उठू शकले नव्हते. रांगेत नरसम्मा पहिली होती. तिची थुंकी तपासायला पाठवली. क्षय निघाला. औषध सुरू झालं आणि घरच्यांचीही तपासणी झाली.

"वाईट झालं," मी म्हणाले.

"वाईट काय?" सुनंदाचा आवाज चढला होता. "अगं, सापडला."