वॉक कुणी मोजले?

बाळांनो, तुमच्या खोलीतल्या एकुलत्या एक मोकळ्या भिंतीवर कुणाचं पोस्टर लागणार, हे भांडण अमेरिकेतून आमच्या इथे आखातात, अल खौदच्या घरी कसं आलं, ते तुम्ही विसरला असाल. मी विसरलेले नाही. दादाचा आवडता बेसबॉलपटू निळ्या जर्सीतला, छोटीचा दुसराच. तुमची आई कंटाळून म्हणाली, "आजी ठरवेल. ती म्हणेल ते फायनल."

दादाने लगेच दोघांचे कारकिर्दीचे फलंदाजीचे आकडे ईमेलने पाठवले. एरवी आठवण करून दिल्याशिवाय हा मुलगा उत्तर देत नाही, म्हणून मला तिथेच शंका आली. त्यात दोघांचीही सरासरी टिंबाने सुरू होणारी.

"तीन नाही, पॉइंट तीन!" तुमचे आजोबा म्हणाले. "आमचा अकरावा गडीसुद्धा याहून बरा. पोरानं टिंब सरकवलंय."

आजोबा तेव्हा इथल्या मराठी मंडळींच्या शुक्रवारच्या क्रिकेटचे अंपायर होते. घरातही ते बोट वर करत. मी टिंबाची खात्री करून घेतली. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा जमलं तरी माणूस मोठा फलंदाज. ठीक. सरासरीत दादाचा खेळाडू थोडा पुढे होता. पण 'वॉक' नावाच्या रकान्यात छोटीच्या खेळाडूचा आकडा जवळजवळ दुप्पट, आणि तिथेच दादाची टीप: "आजी, हे बघू नकोस."

बघू नकोस म्हटलेलं मी आधी बघते.

"वॉक!" आजोबा सावरून बसले. "म्हणजे बॅटची कड लागली की अंपायरची वाट न बघता स्वतःहून चालू लागतो. सज्जन माणूस!"

"पण ही सज्जनता मोजत कोण बसलं? आणि इतक्या वेळा? त्याला खेळायचं तरी होतं का?"

तेव्हा इथे इंटरनेटवरून फोन करायला बंदी होती. मी छोटीला व्हॉइस मेसेज पाठवला. अडखळत उत्तर आलं, "आजी, वॉक म्हणजे आउट नाही. बॉलर चार बॉल खराब टाकतो, हा मारत नाही, मग फ्री फर्स्ट बेस मिळतो. ते ॲव्हरेजमध्ये काउंट होत नाही."

"म्हणजे वाइड," आजोबा हिरमुसून म्हणाले.

सरासरीत धरत नाहीत, म्हणूनच दादाला सरासरी प्रिय! मग मी मारून असो वा चालत, कोण जास्त वेळा बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, पोचला ते पाहिलं. छोटीचा खेळाडू पुढे निघाला. निकाल कळवला.

दादाचा उलट सवाल आला, "आजी, हा निकाल अंपायर आजोबांचाच ना? छोटी त्यांना काय देणार आहे?"

आजोबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि एवढंच बोलले, "चल, वॉक कर."

दोन दिवसांनी पोस्टर लावलेल्या भिंतीचा फोटो आला. छोटी हसत होती, दादाही हसत होता. तो का हसतोय म्हणून मी फोटो मोठा करून पाहिला. पोस्टरखालून दुसऱ्या कागदाची निळी कड डोकावत होती. दादा, ती कशाची होती, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस.