कट्टा ते कसाल, न थांबता

कट्टा गावचा फिटर विश्राम मेस्त्री. एकोणसाठ साली, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास मी त्याच्यावर अन्याय केला. पाच वर्षं झाली, कुणाला सांगितलेलं नाही. सभांमधून इतरांची पापं मात्र नावानिशी सांगत हिंडलो.

आदल्या दिवशी कसालला कुळांची सभा होती. ट्रकमध्ये चाळीस माणसं, मागे दोन-दोन चाकांची जोडी, आणि डावीकडचं आतलं चाक कट्ट्यातच पंक्चर झालं. मेस्त्रीनं दोन्ही चाकं उतरवली. नवं आत घातलं, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळले, चाक हातानं फिरवून कडेला खडू धरला — खडू एकाच बाजूला घासला की चाक तिरकं, नट सैल करून पुन्हा पहिल्यापासून. मग बाहेरचं चाक, तसंच. मी घड्याळ बघत येरझारा घालत होतो.

"ओ पुढारी, भाषाण मागीर," तो म्हणाला. "चाक हवेत बसणा नाय, वजनाखाली बसता. दोन मैलार थांबा नि सगळे नट परत आवळा."

दोन मैलांवर दाजी ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मी म्हटलं, "चल रे, लोक खोळंबलेत." — बस, एवढंच. कुळांसाठीच घाई होती ना? की माझ्या भाषणासाठी?

कसालच्या अलीकडच्या उतारावर दोन्ही चाकं निसटली. ट्रक गटारात कलंडला. एका म्हाताऱ्याचा हात मोडला.

पण मी सांगायला बसलोय ते हे नव्हे. घाई कुणाची होत नाही?

दुसऱ्या दिवशी मेस्त्री सायकलनं तिथं आला. तुटलेल्या बोल्टांवरून त्यानं बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "तुमी थांबललात मां?"

मी म्हणालो, "थांबलो होतो. दोनदा आवळले."

दाजीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. मेस्त्री पुन्हा बोल्टांकडे वळला. आपण कुठं चुकलो ते तो आठवत असावा — त्याचा माझ्यावर विश्वास होता, हे तुम्हांला कळतंय का?

संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'गरिबांच्या जिवाशी खेळणारा फिटर.' शब्द भराभर सुचले. अशा वेळी मला ते नेहमीच सुचतात. पत्रक बाजारात वाटलं, एसटीत वाटलं. गणेशचतुर्थीच्या आत मेस्त्रीच्या दारात गाडी उभी राहायची बंद झाली.

आज तो बांद्याला दुसऱ्याच्या गॅरेजात आहे. चाकं उचलून देतो. पाना त्याच्या हाती कुणी देत नाही.

मला माफी नको. ती द्यायची तर त्यानं, आणि त्यानं का द्यावी? पण ते पत्रक तुम्ही वाचलंत, मान डोलावलीत. आता बांद्याला गाडी न्या, आणि मालकाला बजावून सांगा: नट विश्राम मेस्त्रीच आवळणार.