फोनमधली शाब्बासकी
टँकरचा भोंगा ऐकला की मला फोनमधली ती ‘शाब्बास’ आठवते. त्या उन्हाळ्यात नळ कोरडे होते, गल्लीत नवी घरं उठत होती, अनोळखी बिऱ्हाडं येत होती अन् सगळ्यांची भिस्त टँकरवर. वाळूजच्या कंपनीतून रात्रपाळी करून मी आलो की पोरगी खाटेवर बसून ऑनलाइन शाळा करायची, म्हणजे नुसती गप्प ऐकायची. कुणीही उत्तर दिलं की मॅडमचा तोच गोड सूर, "शाब्बास, छान!" कंपनीत खोटी हजेरी लावणारे मी लई पाहिलेत, ही बाई रेकॉर्डिंग लावून झोपतीय, असं मी धरूनच चाललो. एक दिवस फोनमधून प्रश्न आला, "जायकवाडी धरण कोणत्या नदीवर? कोण सांगतं?" मी पोरीला माईक चालू करायला लावला अन् कानाशी लागलो, "तापी म्हण. बघू काय म्हणते." "नाय ना पप्पा!" "म्हण!" ती घाबरत म्हणाली, "तापी." "शाब्बास!" मी मांडीवर थाप मारली, सापडली! तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला, खिडकीतून अन् फोनमधूनही. हंडे घेऊन खाली धावलो, तर कानात इअरफोन घातलेली एक बाई टँकरचा पाईप धरून त्याच गोड सुरात बोलत होती, "अन् नदी गोदावरी, बरं का." मी चाचरत म्हणालो, "ताई, पाईप इकडं द्या." माझा आवाज ऐकताच तिनं माईक मुठीत दाबला. "‘तापी म्हण’ असं सांगणारे तुम्हीच व्हय? पोरगी आज पहिल्यांदा बोलली, शाब्बासकी त्याची होती." अजूनही भोंगा वाजला की मी आधी फोनचा माईक बंद आहे का बघतो, मग हंडा उचलतो.