चुकामूक बाईंची आठवी

आमच्या हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या बाईंना स्वतःच्या वर्गाची वाट सापडत नसे. हसू नका. म्हणजे हसा, आम्हीही हसत होतोच. जगातल्या नद्या कुठून निघतात आणि कुठे जातात हे बाई डोळे मिटून सांगत, आणि नवं वर्ष सुरू झालं की नकाशांची गुंडाळी काखेत मारून जिन्याखाली उभ्या राहत, एखाद्या स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यासारख्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव पडलं होतं चुकामूक बाई. कोणी पाडलं ते विचारू नका. मी गणित शिकवायचो, एवढंच सांगतो.

इमारतही तशी नगच होती. आधी एक दगडी इमारत, मग पोरं वाढली म्हणून शेजारी दुसरी, आणि दोन्हींना जोडायला मध्ये एक बोळ. जागा उताराची. त्यामुळे एका बाजूचा तळमजला दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत पहिला मजला होऊन बसे. खोल्यांना आकडे दिले होते ते बांधल्या त्या क्रमाने. चारच्या शेजारी एकोणीस, आणि पाच नंबर कुठे हे शिपाईमामांनाही डोकं खाजवून सांगावं लागे.

या भुलभुलैयात दरवर्षी आठवीची नवी पोरं येऊन पडत. आसपासच्या छोट्या छोट्या शाळांतून यायची. तिथे ती सगळ्यांत मोठी. घंटा वाजवणारी, धाकट्यांना दम देणारी, बाईंची पर्स धरणारी. इथे पाऊल टाकलं की एका सकाळीत सगळ्यांत धाकटी. कालचा राजा आज भिंतीला पाठ लावून उभा, आणि लघवीला कुठे जायचं हे विचारायची लाज वाटते म्हणून दुपारपर्यंत कळ सोसतोय. आम्हा बाकीच्यांना ते दिसत नसे असं नाही. पण आम्ही म्हणायचो, होईल सवय. आपल्याला झाली, त्यांना होईल.

बाई काय करत, तर त्या गर्दीतून बरोबर भिंतीला चिकटलेलं पोर हेरत. चुणचुणीत दिसणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नसत.

"अरे बाळा, एकोणीस नंबर कुठे आला रे?"

"मला नाही माहीत बाई. मी नवीन आहे."

"झालं! म्हणजे दोघंही बुडालो. चल, शोधू या. पण विचारायचं तू हं. मी विचारलं तर मला हसतील. एवढी वर्षं इथे आहे ना मी."

बाईंची अब्रू आता त्या पोराच्या हातात. स्वतःसाठी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ते पोर बाईंसाठी अकरावीच्या दांडग्या मुलांना जाऊन विचारी. ती मुलं दोन टिंगलीचे शब्द बोलत आणि वाट सांगत. वाटेत नळ दिसे, मुताऱ्या दिसत, ग्रंथालय दिसे. वर्ग सापडेपर्यंत पोर चार जणांशी बोललेलं असे, आणि दुसऱ्या दिवशी तेच पोर जिन्याखाली बाईंची वाट बघत उभं. "बाई, आज सापडेल ना? की येऊ बरोबर?" आठवड्याभरात सगळी आठवी बाईंना सांभाळायला लागलेली असे. पोरं एकमेकांना सांगत, आमच्या बाई फार चांगल्या आहेत, फक्त जरा लक्ष ठेवावं लागतं.

हे ढोंग आहे हे माझ्या ध्यानात यायला पुष्कळ वर्षं लागली. त्याआधी आमचं सर्वांचं मत असं होतं की बाई वाट चुकतात खऱ्या, पण चुकतात त्या नेमक्या ग्रंथालयाकडे. कारण एकोणीस नंबरला जाताना ग्रंथालय मध्ये येण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि आमचे ग्रंथपाल तेव्हा बिनलग्नाचे होते. पुढे ग्रंथपालांचं लग्न झालं आणि ते याच बाईंशी झालं, तेव्हा आमची शंका अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

असं सगळं सुरळीत चालू असताना आमच्याकडे नवे हेडसर आले. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या बेतात होती. माणूस सज्जन, शिस्तीचा. शर्टाची इस्त्री इतकी कडक की हेडसर खुर्चीत बसले की कापडाचा आवाज होतो, असं शिपाईमामा सांगत. मामा खोटं बोलत नसत, जरा वाढवून बोलत. पहिल्याच बैठकीत कडक इस्त्रींनी बाईंकडे मोर्चा वळवला. त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं होतं.

"बाई, पहिल्या आठवड्यात तुम्ही तासाला रोज उशिरा पोचता म्हणे. वर्ग सापडत नाही म्हणून?"

"इमारत मोठी आहे सर," बाई म्हणाल्या.

"तुम्ही भूगोल शिकवता."

आम्ही खिदळलो. बाईही हसल्या, पण खरं काय ते बोलल्या नाहीत.

"आपण असं करू," हेडसर म्हणाले, "भिंतीवर बाण रंगवून घेऊ. पहिल्या दिवशी घंटेच्या ठोक्याला आठवी बाकावर बसलेली दिसली पाहिजे. तसं झालं, तर आठवीला कोणी तरुण शिक्षक देऊ, आणि तुम्ही दहावी घ्या. तुमच्या अनुभवाला दहावीच शोभते."

दहावी म्हणजे आमच्याकडे मान. आम्ही बाईंचं अभिनंदन केलं. बाईंचा चेहरा मात्र कोणीतरी भरल्या ताटावरून उठवल्यासारखा झाला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, सांगून टाका ना त्यांना. तुम्हाला वाट पाठ आहे म्हणून."

त्या थबकल्या. "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"मागच्या वर्षी बोळातले दिवे गेले होते. तुम्ही अंधारात धडधडत वर गेलात."

"मग तोंड बंद ठेवा. पोरांच्या कानावर गेलं की संपलं. माझी काळजी घेण्यात त्यांना जोर येतो हो. मी नाटक करते कळलं तर तीच पोरं माझ्यासमोर नाटक करतील." मग म्हणाल्या, "दहावीच्या पोरांना कोणीही शिकवेल. त्यांना वाटा माहीत झालेल्या असतात."

सुट्टी संपता संपता रंगारी आला. हेडसरांनी त्याला आपल्या दारात उभं करून सांगितलं, इथून सुरू कर आणि थेट आठवीच्या वर्गापर्यंत बाण काढत जा. आणि ते घरी गेले. रंगाऱ्याने सगळा जन्म कचेऱ्यांच्या भिंती रंगवण्यात घातलेला. त्याच्या हिशेबाने बाण साहेबाकडेच जातो. साहेबापासून निघालेला बाण त्याने कधी काढलाच नव्हता. तेव्हा दारापासून वर्गापर्यंत त्याने ओळीने लाल बाण काढले, आणि प्रत्येकाचं टोक हेडसरांच्या दाराकडे.

आता बाई त्या दिवशी शाळेत होत्या का? होत्या. नकाशे झटकायला आल्या होत्या. त्यांनी रंगाऱ्याला चहा दिला, असं लोक म्हणतात. मी बघितलं नाही. मी फक्त खिडकीत ठेवलेले दोन रिकामे कप बघितले.

पहिला दिवस उजाडला. माझा पहिला तास मोकळा होता; नसता तरी मी मोकळा केला असता. घंटा झाली आणि फाटकातून, बोळातून, दोन्ही जिन्यांवरून आठवीची पोरं बाण बघत बघत निघाली, आणि शहाण्यासारखी हेडसरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. आत मावेनात तशी दारात, मग व्हरांड्यात.

"तुम्ही इथे काय करताय?" हेडसरांचा आवाज आला.

"बाण, सर," कोणीतरी चिरक्या आवाजात म्हणालं.

हेडसर बाहेर आले. बाणांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "चला माझ्यामागून," म्हणाले आणि झपाझप निघाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आल्यापासून हा माणूस फाटकातून खोलीत आणि खोलीतून फाटकाबाहेर, एवढंच चालला होता. पण बाणांच्या उलट जायचं सोडून तो शिस्तीत सरळ जिना चढला. मोडक्या बाकांच्या कोठारापाशी पोचला. कुलूप. तिथून उजवीकडे. प्रयोगशाळा. तिथे बारावीचा तास चालू होता. हाडांच्या सापळ्यासकट सगळे वळून बघू लागले. हेडसरांचे कान लाल. मागे पोरांची शेपटी. एकाने दुसऱ्याला विचारलेलं मी ऐकलं, "हे सर पण आपल्यासारखेच आहेत का रे?"

समोरून बाई आल्या. काखेत नकाशे.

एक शब्द बोलून त्या माणसाचं हसं करता आलं असतं. मी असतो तर केलं असतं, खोटं कशाला बोलू? बाईंनी हेडसरांकडे क्षणभर बघितलं, आणि दप्तराला मिठी मारून भिंतीशी उभ्या असलेल्या एका मुलीकडे वळल्या.

"अगं ए, ऐकतेस? हे सर नवीन आहेत, आणि मी ही अशी. आमचं दोघांचं काही खरं नाही. जरा त्या मोठ्या मुलांना विचारून येतेस, एकोणीस नंबर कुठे ते?"

मुलगी हेडसरांकडे बघत राहिली. हेडसर तिच्याएवढे वाकले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हो गं. मला खरंच माहीत नाही."

दप्तर सुटलं. तिने ते चक्क हेडसरांच्या हातात दिलं, प्रयोगशाळेत शिरली, बारावीच्या पोरांना विचारून बाहेर आली. "या सर. बाई, तुम्ही पण या. मध्येच एक पायरी आहे हं, जपून!"

आठवी बाकावर बसली तेव्हा ठोका कधीच होऊन गेला होता. हेडसर मागच्या बाकावर, मांडीवर ते दप्तर घेऊन तास संपेपर्यंत बसले. इस्त्री पार मोडली.

मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले. "बाई, किती वर्षं चाललंय हे?"

"काय सर?"

"हरवणं."

"इमारत मोठी आहे हो सर," बाई म्हणाल्या.

हेडसरांनी चुरगळलेली बाही सारखी केली. मग म्हणाले, "दहावीचं मी बघतो कोणाला द्यायचं ते." जाता जाता दारात वळले. "आणि रंगाऱ्याला परत बोलावू नका. राहू देत बाण."

तसे ते राहिले. दरवर्षी चुकलेली पोरं बाणांमागून हेडसरांच्या दाराशी जमत, आणि हेडसर टेबलावरून उठून म्हणत, "अरे, मलाही कुठे माहीत आहे? चला, विचारू कोणाला तरी." शर्ट पूर्वीइतके कडक राहिले नाहीत. त्याचं श्रेय शिपाईमामा धोब्याला देत.

पुढे हेडसर निवृत्त झाले. बाई आधीच झाल्या होत्या. निवृत्त हेडमास्तरासारखा नवखा माणूस जगात नसेल. दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरच्या लोकांना नजरेनेच रांगेत उभं करत, असं त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं. वहिनींना माझ्यासारखीच आवड आहे, बोलायची.

"खाली उतरत नव्हते हो. जेवण, पेपर, गॅलरी. आणि एका संध्याकाळी फोन. भूगोलाच्या बाई! म्हणतात, सर, तुमच्याकडेच निघाले होते, पण तुमची गल्ली काही सापडत नाही. आमची गल्ली! आमच्या घरी कितीदा जेवून गेल्यात त्या!"

"मग सर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? म्हणाले, आहात तिथेच थांबा, हलू नका. आणि चपला घालून धावत खाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी चाललंय. बाई कुठेतरी हरवतात आणि हे शोधायला जातात. परवा तर ग्रंथपालभाऊजीही हरवले होते म्हणे."

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं, सरांना कळत नसेल?"

"न कळायला काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "निघताना आरशात बघून भांग पाडतात. पण तुम्ही बोलू नका हं कुठे."

मी कशाला बोलतोय?