हरेशच्या सेवेचा रविवार

हरेशच्या पायाला भिंगरी आहे, असं रोह्यात कोणीही सांगेल. धाटावच्या एका कंपनीत तो फिटर. पहिली शिफ्ट सुटली की बाकीची माणसं घरी जाऊन आडवी होतात. हा बाबा मोटरसायकलला किक मारून थेट शाळेच्या मैदानावर. तिथं त्याचं स्काउटचं पथक जमलेलं असायचं, नववी-दहावीची पोरं नि पोरी, गळ्यात स्कार्फ, तोंडात वडापाव. पोरं त्याला सर म्हणत. आपण हरेशच म्हणू, कारण या गोष्टीत त्याचं सर असणं फारसं कामाला आलं नाही.

सेवेचं त्याला वेडच होतं. कुंडलिकेच्या घाटावर कचरा दिसला, चला. स्टेशनवर म्हाताऱ्यांची बोचकी उचलायची, चला. एक काम चालू असताना डोक्यात पुढचं शिजत असे, आणि पुढच्याचे फोन तो चालू कामातच लावत असे. बायको विचारायची, "जेवताना तरी बसाल का?" तर हा भिंतीला टेकून, ताट हातात घेऊन म्हणायचा, "बसलोच आहे की." माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याजवळ थोडा वेळ उभं राहिलं की आपल्यालाच धाप लागे.

भाद्रपदात पाऊस ओसरला आणि त्याला आपल्या मूळ गावाची सेवा करायची हुक्की आली. गाव पेणकडं, धरमतरच्या खाडीकाठी. बाप काळुराम तिथं एकटा राहून भात पिकवत होता. खाडीचं खारं पाणी शेतांत येऊ नये म्हणून तिथं मातीचा लांबच लांब बांध आहे आणि त्या बांधात एक लाकडी दार. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडतं, शेतांतलं जादा पाणी खाडीत जातं. भरती आली की पाण्याच्याच रेट्यानं मिटतं. सारं गाव त्या एका दाराच्या जिवावर जेवतं.

रविवारी तो पोरांना टेम्पोत घालून गेला. पितृपक्ष चालू होता. काळुराम वडखळला नात्यातल्या जेवणाला गेलेला, गावातली बाकी माणसंही अशीच पांगलेली. परका माणूस असता तर थांबला असता, कोणालातरी गाठून म्हणाला असता, बाबांनो, इथं कशाला हात लावू नि कशाला नको. हरेशनं विचारलं नाही. स्वतःच्या गावात कोणी विचारतं का? याच उघाडीवरून तो लहानपणी खाडीत उड्या मारायचा. पोरांनी बांधावरच्या बाटल्या, पिशव्या, तुटकी जाळी गोळा केली. मग हरेश कानाला फोन लावूनच ओरडला, "उघाडीपण साफ करा रे, एकदम चकाचक!" दाराच्या फळ्यांमध्ये कुजका पेंढा, गोणपाटाच्या चिंध्या, चिखल, असलं काय काय भरलं होतं. पोरांनी ते सगळं उपसून काढलं, वर बादल्या ओतून दार धुतलं. हरेशनं पथकाला दाराशी उभं करून फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. कौतुकाचा नुसता पाऊस पडला.

बुधवारी सर्वपित्री अमावस्या. हरेश कामावर होता. सकाळी काळुरामचा फोन आला.

"हरेश, उघाडीचा पेंढा कुनी काढला रं?"

"का बाबा? काय झालं?"

"दाराच्या फल्या कुजल्यान. कापनी झाली की नवा दार बसवनार होतो, तवर मी फटी बुजवलेल्या. दोन दिस पानी इतका चढला नवता, ध्यानात नाय आला. आता भरती लागली नि पानी सरसर आत येतंय. अवसेचा उधान हाय आज."

गप्प बसावं, असं त्याच्या मनात आलं. नाही आलं असं नाही. त्या दिवशी पाहायला गावात होतं कोण? पण बापाशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"मीच काढायला लावला," तो म्हणाला.

फोन बंद झाला.

सुपरवायझरला त्यानं काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक. नागोठणं गेलं, वडखळ आलं, ट्रकांच्या मधून गाडी घालत तो सुटला होता. भरती आधी चढते की आपण आधी पोचतो, एवढंच डोक्यात. खारं पाणी शेतात बसलं की उभं पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षं त्या मातीत भात धरत नाही. हे त्याला बाराखडीच्या आधीपासून माहीत होतं. मग रविवारी ते कुठं गेलं होतं? स्वतःचाच त्याला असा संताप आला की हेल्मेटच्या आत तो मोठ्यानं शिव्या देत होता.

गाव बांधावर जमलं होतं. शेजारच्या शेताचा नाथा छातीभर पाण्यात उभा राहून दाराच्या फटींत गोणपाट कोंबत होता, मागून लोक चिखलाच्या पाट्या देत होते. दार हळूहळू बुजत होतं, पण आत आलेलं पाणी शेतांमधल्या चरात काठोकाठ चढलं होतं. अजून थोडं चढलं असतं तर सगळ्यांच्या शेतांत पसरलं असतं. काळुरामनं लेकाच्या हातात फावडं दिलं.

"फोड."

"काय?"

"आपल्या शेताचा बांध. आत आयलेला पानी आपल्यात घेऊ."

"बाबा, भात निसवलाय आपला!"

"मंग कुनाचा फोडू? नाथाचा?"

हरेशनं फोडला. पहिल्या चार घावांत माती हलली, मग पाण्यानंच वाट केली. कणसं नुकती बाहेर पडलेल्या भातात ते गढूळ पाणी शिरत गेलं, आणि हरेश फावड्यावर डोकं टेकून पोरासारखा रडला. नाथानं एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. भरती उलटेपर्यंत दार बुजलं. गाव वाचलं. काळुरामचं शेत तेवढं गेलं.

बाप रागावला असता तर बरं झालं असतं. काळुराम रागावला नाही, त्यामुळं हरेशला घरात बसवेना, कामावर लक्ष लागेना, झोप तर नावालाही नाही. शेवटी त्यानं ठरवलं, पोरांना त्याच शेतावर न्यायचं आणि खरं काय ते सांगायचं. भाषण त्यानं गाडीवरच पाठ केलं. सर स्वतःची चूक कबूल करतात, यातूनही पोरं काहीतरी शिकतील, असं त्याला वाटलं. म्हणजे घ्या, यातूनही त्यानं एक सेवाकार्य काढलंच!

पुढच्या रविवारी पोरं बांधावर येऊन थांबली. भाताची पाती टोकांकडून तांबूस होत चालली होती. काळुराम बाजूला विडी ओढत बसला होता. हरेशनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "तुमचा काही दोष नाही," तो म्हणाला. "मी सांगितलं, तुम्ही केलंत. चूक माझी एकट्याची." बोलून झाल्यावर त्याला त्या बुधवारनंतर पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं.

पथकाची पुढारी प्रतिक्षा मात्र रडायलाच लागली. "चिंध्या मीच ओढल्या होत्या, आजोबा."

"रडू नको गो," काळुराम म्हणाला. "लय घट्ट होत्या ना?"

"खूप. दोघींनी मिळून ओढल्या. बोटं सोलली."

काळुरामनं आपला हात पुढं केला. बोटांवर खपल्या होत्या. "ही बघ माजी. कोंबताना सोलली."

प्रतिक्षाला रडता रडता हसू आलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, साधंच सांगावं तसं, "इतकं घट्ट होतं म्हणून मी सरांना विचारलंसुद्धा. सर, हे कोणी मुद्दाम बसवलंय का? पण ते फोनवर होते. त्यांनी हातानंच खूण केली, काढा म्हणून."

काळुरामनं लेकाकडं एकदा पाहिलं, विडी विझवली आणि उठला. "चला पोरांनो, उघाडी कशी बुजवतात ती दाखवतो." पोरं त्याच्या मागून निघाली.

हरेश शेतापाशीच राहिला. तो रविवार त्यानं पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. फोन कोणाचा होता ते आठवलं, बोलणं कशाचं चाललं होतं तेही आठवलं. प्रतिक्षा जवळ येऊन काही विचारत होती, हे काही केल्या आठवेना.