माशीची पिन

मोखाड्याच्या बाजारात चिंचेखाली भाता मांडून बसणाऱ्या त्या लोहाराचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या शिव्यांमध्ये विचारायला फट सापडेल तर ना! जव्हार संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. आधी तो संस्थानच्या शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचा, आता कोयत्यांना धार लावायचा, आणि त्याचा राग प्रत्येक कोयत्यावर काढायचा.

एकदा जंगलखात्याचे नवे साहेब संस्थानातली एक जुनी रायफल घेऊन आले. गोळी डुकराच्या डोक्यावरून जाते, म्हणून नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी त्यांना उंच करून हवी होती. जुनी माशी पिनेने जखडलेली. लोहाराने रॉकेल सोडलं, पिन ठोकून बाहेर काढायचा पोगर टेकवला, हातोडा हाणला. पिन ढिम्म!

"कोन्या गाढवानं ठोकली ही?" तो गरजला. "हात मोडले पायजेत त्याचे! त्याला लोहार कोनी केला?"

सगळा बाजार थबकला. मीही कांदे टाकून पुढे घुसलो. त्याने संतापून पिनेशेजारचा गंज खरवडला, तर खाली तीन ठिपके निघाले. माझ्या घरच्या कोयत्यावर त्याने मारलेली खूण हीच.

"मामा," मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "ओळखीचं गाढव दिसतंय."

त्याने अंगठ्याने ते ठिपके झाकले. मग रायफल साहेबांच्या हातात कोंबत दुप्पट ओरडला, "माशीला काय झालंय? मी बसवलीय ती! तुमीच नेम खाली धरा न, साहेब!"

साहेब गेले. तो पुन्हा कोयत्याला धार लावू लागला, पण त्या दिवशी पहिल्यांदाच शिवी न देता.