सकोऱ्यावरचा आवाज

शाळेतली चित्रकला शिकवायची माझी नोकरी संपली, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मी बागेत पाखरांसाठी पाणी ठेवायचं ठरवलं. बाग म्हणजे फार काही नाही. आमच्या ले-आऊटमध्ये प्रत्येक घरासमोर असते तेवढी जागा. एक लिंबू, एक कढीपत्ता, मोगऱ्याच्या चार कुंड्या आणि फाटकाला लागून मेंदीचं कुंपण.

पहिलं भांडं मी डोळ्यांना आवडलं म्हणून आणलं. नर्सरीतून घेतलेलं, चिनी मातीचं, उंच पायाचं, निळंशार. पहिल्याच दिवशी एक चिमणी त्याच्या कडेवर उतरली, घसरली आणि पंख फडफडवत कशीबशी बाहेर पडली. मग आठवडाभर कोणी फिरकलं नाही. नंतर प्लास्टिकचं एक पसरट घमेलं ठेवून पाहिलं, तर सकाळी दहालाच त्यातल्या पाण्यात बोट ठेववत नव्हतं. शेवटी जरीपटक्याच्या बाजाराच्या तोंडाशी पाटे-वरवंटे घडवत बसणारा एक पाथरवट होता, त्याला गाठलं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पाखराच्या पायाला पकड मिळाली पाहिजे, गुळगुळीत काही घेऊ नका. त्यानं काळ्या दगडाची एक थाळी घडवून दिली. कडेला उथळ, मध्ये दोन बोटं खोल, आणि छिन्नीचे ठोके मुद्दाम तसेच ठेवलेले. आमच्याकडे पाखरांच्या पाण्याचं भांडं मातीचं असो की दगडाचं, त्याला सकोराच म्हणतात.

सकोरा आधी सावली म्हणून मेंदीच्या बुडाशी ठेवला. तीनच दिवसांनी तिथे बुलबुलाची पिसं पडलेली दिसली. शेजारचं मांजर कुंपणात दबा धरून बसत असणार. मग तो कुंपणापासून लांब, लिंबाखाली हलवला, जिथून पाखरांना चारी बाजूंचं दिसेल. रोज सकाळी जुनं पाणी कुंड्यांना टाकायचं, नारळाच्या शेंडीनं दगड घासायचा आणि नवं पाणी भरायचं. साबण लावायचा नाही. दोन दिवस आळस केला की बुळबुळीत हिरवं शेवाळ धरायचं आणि चार दिवसांत पाण्यात डासांच्या अळ्या वळवळायच्या. एवढं सांभाळलं तेव्हा मे महिन्यात चिमण्या, साळुंक्या, सातभाई, सगळे यायला लागले. मी खिडकीत बसून त्यांची चित्रं काढायचे.

मेअखेरचा नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत दुपारी आमच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. माझ्या यजमानांना कमी ऐकू येतं. जेवण झालं की ते कानातलं मशीन काढून ठेवतात आणि कूलरसमोर झोपतात. मी दुसऱ्या खोलीत, खिडकीचं एक दार किलकिलं ठेवून बसले होते. बाहेरून आवाज आला.

"पाणी दे वं माय."

म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. कोरडा, घशात अडकलेला. मग दम लागल्यासारखा श्वास, आणि पुन्हा, "एक घोट दे."

मी तांब्या घेऊन फाटकाशी गेले. कोणी नव्हतं. फाटकाला साखळी लावलेली होती. रस्ता दोन्हीकडे पांढरा पडलेला, डांबर वितळून चमकत होतं. एवढ्या उन्हात म्हातारी बाई इतक्या लवकर नजरेआड कशी होईल, हे मला कळेना. मी दोन्ही कोपऱ्यांपर्यंत चालत जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळेला तेच शब्द आले, तसाच दम लागला. या वेळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आवाज यायच्या थोडं आधी सकोऱ्यावरच्या साळुंक्या एकदम उडून गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी फाटकाच्या खांबावर पाण्याचा पेला भरून ठेवला आणि वर बशी झाकली. आवाज आला. संध्याकाळी पेला तसाच भरलेला होता, पाणी चहासारखं गरम झालेलं.

यजमानांना सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी मशीन घालून माझ्याबरोबर अर्धा तास खिडकीत बसले. नेमकं त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. कूलरच्या पंपाचा कधी कधी माणसासारखा आवाज येतो, असं म्हणून ते झोपायला गेले. मलाही तसंच असेल असं वाटू लागलं. तरी ते गेल्यावर भर दुपारी, लख्ख उजेडात मी खिडकीची कडी लावून घेतली. स्वतःच्या घरात दिवसा घाबरायची माझी ती पहिलीच वेळ.

आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई अकराला यायची. एके दिवशी तिला उशीर झाला आणि ती दुपारची मागच्या अंगणात भांडी घेऊन बसली होती. तेव्हा आवाज आला. ती साबणाचे हात तसेच घेऊन आत आली. तिचा चेहरा पाहून मी विचारलं, तुलाही ऐकू आलं का?

"हा तर मांगच्या गल्लीतल्या आजीचा आवाज आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं काम केलं मी त्यांच्या घरी. दिवाळीनंतर गेली ना ते आजी."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. अर्धी भांडी तशीच टाकून ती मागच्या दारानं निघून गेली, आणि जाताना सांगून गेली की आता ती सकाळीच येईल.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पण आवाज मी एकटीनंच ऐकला नव्हता, एवढं तरी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत न बसता व्हरांड्यात, कूलरच्या आडोशाला स्टूल टाकून बसले. तिथून फाटकही दिसत होतं आणि लिंबाचं झाडही. मी सगळा वेळ फाटकावर नजर ठेवून होते. सातभाई कलकलत उडाले म्हणून लिंबाकडे पाहिलं.

सकोऱ्याच्या कडेवर एक पोपट उतरला होता. गळ्याभोवती लालसर कंठ असलेला, आपल्याकडे पिंजऱ्यात ठेवतात तसला. शेपटीची पिसं तारांना घासून घासून झिजलेली. त्यानं पाण्याला चोच लावली नाही. मान खाली घातली, अंग फुगवलं आणि म्हणाला, "पाणी दे वं माय."

चोच जेमतेम हलली. पण श्वास, घशातली घरघर, 'माय' म्हणताना तुटणारा सूर, सगळं जसंच्या तसं. मग तो थांबला. कोणी काही देतंय का याची वाट पाहावी तसा मान वाकडी करून थांबला. पुन्हा म्हणाला, "एक घोट दे." आणि त्यानंतर वाकून पाणी प्यायला. बराच वेळ प्यायला.

पोपट आहे हे कळल्यावर माझी भीती जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. मेलेल्या बाईची तहान त्या एवढ्याशा पाखराच्या गळ्यात अजून शिल्लक होती, आणि ती माझ्या बागेत येऊन बोलत होती. शिवाय मनात एक वाईट विचार आला, तो इथे लिहिते. त्या घरात म्हातारीला पाणी देत नसतील का?

हाच विचार घेऊन मी दोन दिवसांनी मागच्या गल्लीत गेले. आजींची सून घरी एकटीच होती. चाळिशीची असेल. आमची ओळख दुकानात हसण्यापुरती. मी सरळ सांगितलं की आमच्याकडे एक पोपट येतो. पुढचं मला बोलावं लागलं नाही. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मीच सोडला त्याले, काकू."

मग तिनं सगळं सांगितलं. आजींच्या किडन्या गेल्या होत्या. पाणी फुप्फुसात साचायचं, म्हणून डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं. चहा, वरण, औषधाबरोबरचा घोट, सगळं धरून एक लहान बाटली. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात. दिवसभर ती बाटली सुनेच्या हातात. आजी सकाळपासून मागायच्या. सून कापूस ओला करून ओठांना लावायची, बर्फाचा खडा चोखायला द्यायची आणि तो बाटलीतून वजा करायची. पोपट आजींचाच. पिंजरा त्यांच्या खाटेशी टांगलेला, त्यात पाण्याची वाटी.

"त्याची वाटी भरली की माह्याकडे पाहायच्या," ती म्हणाली. "म्हणायच्या, त्याले भरभरून देतं, मले काहून नाही देत? एक दिवस मी आत गेली तं त्यांची बोटं पिंजऱ्याच्या तारांतून वाटीत होती."

मी विचारलं, मग काय केलंस? तिनं पिंजरा बाहेरच्या खोलीत नेला होता. तिथूनही पोपटाला सगळं ऐकू जायचं. आजी गेल्या, तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोपट आजींच्या आवाजात पाणी मागू लागला. नवरा म्हणाला, कोणाला तरी देऊन टाकू. पण ते बोलणं दुसऱ्याच्या घरी जाऊन ऐकलं जाईल, हे तिला सहन होईना. पाच महिने तिनं ते एकटीनं ऐकलं. मग एके दिवशी पिंजरा गच्चीवर नेऊन दार उघडलं. त्याला नीट उडताही येत नव्हतं. मांजरानं धरलं असेल असंच ती समजत होती.

मी मनात काय आणून आले होते, ते तिला सांगितलं नाही. तिनं ओळखलं असावं. मी उठले तेव्हा तिनं विचारलं, तो किती वाजता येतो?

दुसऱ्या दिवशी एकच्या सुमारास ती आली. आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. तिनं येतानाच सकोऱ्यात डोकावून पाहिलं होतं, पाणी किती आहे ते. पाखरं उडाली. पोपट आला, सासूच्या आवाजात बोलला. ती गुडघ्यांवर हात ठेवून स्थिर बसली होती. मग तो प्यायला, पंख झटकले, चोच दगडावर घासली. आता उडेल असं मला वाटलं. तेवढ्यात तो पुन्हा बोलला. त्याच्या तोंडून मी कधी न ऐकलेले शब्द, दुसऱ्याच आवाजात.

"आता नाही, आई. सांगितलं ना."

तो आवाज माझ्या शेजारी बसलेला होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनंच विचारलं, "मी अशी बोलत होती, काकू?"

आवाजात राग नव्हता, दुष्टपणा नव्हता. थकलेल्या बाईचा आवाज होता, दिवसातून पन्नासदा तेच सांगून थकलेल्या. तेवढं मी तिला म्हटलं, आणि ते खरंच होतं. तिनं मान हलवली. उठली, व्हरांड्यातली बादली उचलली आणि लिंबाखाली गेली. पोपट उडून विजेच्या तारेवर बसला. सकोरा भरलेलाच होता, तरी ती त्यात पाणी ओतत राहिली. पाणी कडेवरून वाहून तिच्या चपलांपर्यंत आलं. बादली रिकामी झाली तशी ती आमच्या नळाशी जाऊन पुन्हा भरून आली. मी तिला थांबवलं नाही.

त्यानंतर ती त्या उन्हाळ्यात बऱ्याचदा यायची, पण सकाळी. माझ्या हातातली शेंडी घेऊन दगड घासायची, बाजारभावांवर बोलायची, चहा घ्यायची. दुपारी पुन्हा कधी थांबली नाही. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याची बदली उमरेडला झाली आणि त्यांनी इथलं घर भाड्यानं दिलं.

पोपट अजून येतो. पिसं आता नवी आली आहेत, थव्याबरोबर राहतो, तो आला की दुसरी पाखरं आता उडत नाहीत. आजींचे शब्द मात्र त्याच्या तोंडून हळूहळू गेले. आधी 'एक घोट' गेलं, मग श्वास, मग 'माय'. गेल्या हिवाळ्यापासून त्याच्याकडे एवढंच उरलं आहे. भरलेल्या पाण्याच्या काठावर बसतो आणि कोणी काही मागितलेलं नसताना त्या थकलेल्या आवाजात म्हणतो, "आता नाही, आई. सांगितलं ना." मग पाणी पितो. मी पेन्सिल खाली ठेवते आणि तो जाईपर्यंत जागची हलत नाही.

मागच्या महिन्यात तिचा उमरेडहून फोन आला होता. मुलीच्या नोकरीचं सांगितलं, माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाली, "तो येते का अजून? बोलते का काही?"

येतो, मी म्हटलं. बोलत नाही आता. नुसता पाणी पिऊन जातो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि सकोरा रोज भरता ना, एवढं विचारून तिनं फोन ठेवला.